उचलता येईल तेवढीच बाग: सोलापूरच्या उन्हात कुंडीतली रोजची पानं

भवानी पेठेतलं भाड्याचं घर सोडलं त्या दिवशी टेम्पो भरून झाला आणि गच्चीवर दोन सिमेंटच्या कुंड्या उरल्या. एकीत कढीपत्ता, दुसरीत गवती चहा. हमालाने कढीपत्त्याच्या कुंडीला हात घातला, जरा हलवून बघितली, कंबर सरळ केली आणि म्हणाला, "वहिनी, ही राहू द्या. ही घरासोबतच बांधलेली दिसते." दोन्ही तिथंच राहिल्या. कढीपत्ता पाच वर्षांचा होता.

आता जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहते. चौदा कुंड्या आहेत, आणि तीन क्रेट सोडले तर एकही अशी नाही जी मला एकटीला हलवता येत नाही. घर बदलायचं नसलं तरी आपल्या गावात हे लागतंच. वर्षभर एकाच जागी ठेवलेली कुंडी इथं एप्रिलात भाजते, सप्टेंबरात सडते आणि डिसेंबरात कठड्याच्या सावलीत बसून राहते. झाड तेच, माती तीच, जागा तेवढी फिरवायची. खाली लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ऊन बघा, कुंड्या नंतर

नर्सरीत जायच्या आधी एक रविवार घरी काढा. सकाळी आठ, दहा, बारा, तीन आणि पाच वाजता गच्चीवर किंवा गॅलरीत जाऊन ऊन कुठं आहे तिथं खडूने रेघ मारा. पानं खायच्या बहुतेक झाडांना चार ते सहा तास ऊन पुरतं, आणि उन्हाळ्यात ते सकाळचंच असावं. पूर्वेकडच्या गॅलरीत दहापर्यंत ऊन येत असेल तर तुमचा एप्रिल-मे सुटला असं समजा. पश्चिमेची गॅलरी सगळ्यात अवघड. दुपारी तीनचं ऊन भिंतीवर आदळतं, आणि भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते.

उत्तरेच्या गॅलरीला लोक निकामी समजतात. मीही समजायचे. पण सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या दोन दिवसांत दुपारी उभ्या काठीला सावलीच पडत नाही. मधल्या अडीच-तीन महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये उत्तरेच्या गॅलरीत ऊन कुठून आलं म्हणून मी एकदा चकित झाले होते, त्याचं कारण हे.

हिवाळ्यात याच्या उलट होतं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला ४९ अंशांवर असतो. म्हणजे गच्चीच्या दक्षिणेकडच्या तीन फुटी कठड्याची सावली दुपारीही अडीच फुटांच्या पुढं पडते. कठड्याला टेकवून ठेवलेली कोथिंबीर दिवसभर सावलीत. 'हिवाळ्यात कोथिंबीर का वाढेना' हा प्रश्न मला जितक्यांनी विचारला, त्यातल्या निम्म्यांची कुंडी कठड्यापासून तीन फूट आत सरकवली आणि काम झालं.

वजनाचा हिशोब

नळावरून न्हाणीपर्यंत आपण भरलेली बादली नेतो, ती साधारण १५ किलोची. तेवढीच मर्यादा धरायची. पाणी घातल्यावरची, कोरडी नव्हे.

आठ इंची कुंडीत साधारण ५ लिटर मिश्रण बसतं, दहा इंचीत १० आणि बारा इंचीत १६-१७. ओली काळी माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे बारा इंची कुंडी नुसत्या काळ्या मातीने भरली तर ३० किलो झाली. भरलेलं घरगुती गॅस सिलिंडर तेवढंच असतं. ते घेऊन जिना चढणारा माणूस आपण रोज बघतो, त्याच्यासारखी पाठ आपली नाही. हलकं मिश्रण केलं तर हीच कुंडी सोळा-सतरा किलोंवर येते आणि दहा इंची दहा किलोंवर.

स्लॅबचाही विचार करा. जड कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवा, गच्चीच्या मधोमध ढीग नको. पुढं निघालेल्या गॅलरीत सगळं वजन बाहेरच्या टोकाला तर अजिबात नको. आणि रेलिंगला कुंडी टांगायचीच असेल तर आतल्या बाजूने. एप्रिल-मेमधलं वळवाचं वारं कुणाची कुंडी आहे हे बघत नाही, आणि खाली माणसं चालत असतात.

चाकांच्या स्टँडबद्दल लोक उत्साहाने विचारतात. सपाट फरशीवर उत्तम, पण ब्रेक असलेलाच घ्या, कारण गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो. जिन्यावर चाकं काही कामाची नाहीत. तिथं कडी हवी.

कशात लावायचं

कडी म्हटलं की रंगाची २० लिटरची बादली. रंगकाम झालेल्या कुठल्याही घरातून मिळते. फक्त पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची घ्या, ऑइलपेंटची खाण्याच्या झाडाला नको. त्याहून बरी म्हणजे मिठाईवाल्याकडची किंवा खानावळीतली तुपाची, लोणच्याची बादली. साबणाने घासून दोन दिवस उन्हात ठेवली की झालं. लोणच्याची असेल तर मीठ निघेपर्यंत तीन-चारदा पाणी भरून ओता.

कोथिंबीर, मेथीसाठी टोमॅटोचा प्लॅस्टिक क्रेट. मोडका चालतो, मार्केट यार्डाच्या आसपास विचारलं की मिळतो. आतून गोणपाट किंवा शेडनेटचा तुकडा लावायचा आणि पाच इंचच भरायचा. काठोकाठ भरला तर चाळीस-पंचेचाळीस लिटर माल बसतो आणि क्रेट जागचा हलत नाही. पाच इंच भरलेला वीस किलोंच्या आसपास राहतो. दोन्ही बाजूंना धरायला खाचा असतात, घरातलं दुसरं माणूस हाकेला असलं म्हणजे पुरे.

कापडी ग्रो बॅगा हलक्या, पण आपल्या कोरड्या हवेत चारही बाजूंनी सुकतात. उन्हाळ्यात त्यांना दोन वेळा पाणी लागतं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हात तापतात, तरी घरात असतील तर टाकू नका, बाहेरून चुना फासा. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा दिसायला छान आणि फुकटही मिळतो, मात्र मार्चनंतर त्याची बाजू हाताला चटका देते आणि मुळं त्या बाजूलाच चिकटलेली असतात. मी तो कांद्याच्या पातीसाठी हिवाळ्यातच वापरते.

तळाला चार-पाच भोकं, करंगळी जाईल एवढी. भोकावर नारळाच्या शेंडीचा बोळा. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. निचरा त्याने सुधारत नाही, ओला थर उलट मुळांजवळ वर सरकतो. आणि वजन वाढतं ते वेगळंच.

मिश्रण: काळी माती शेतातच बरी

आपली काळी माती ज्वारीला सोनं आहे. कुंडीत मात्र ती दगा देते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि आकसताना कुंडीच्या कडेपासून सुटते. एकदा मुद्दाम वाकून बघा: तांब्याभर पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून धार लागते, आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. मधल्या मातीत बोट घातलं तर ती कोरडी ठणठणीत.

माझं रोजचं मिश्रण घमेल्याच्या मापाने सांगते. भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन घमेली, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दीड घमेलं, तांबडी किंवा गाळाची माती अर्धं घमेलं आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कढीपत्ता, तुळस, गवती चहा यांना मातीचं प्रमाण वाढवून एक घमेलं करा, कारण ती जास्त वर्षं राहणारी झाडं आहेत आणि वाऱ्यात त्यांना बूड लागतं. पानओवा आणि कोरफडीला जाड वाळू मिसळा.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते. पहिल्यांदा भिजवलेलं पाणी टाकून द्या, दुसऱ्यांदा भिजवून पिळा, कारण त्यात मीठ असतं. आणि शेणखत ताजं असेल, हाताला कोमट लागत असेल, तर दोन महिने थांबा. घाई केली तर मुळं करपतात.

मिश्रण जमलं की नाही ते मुठीत दाबून बघा. गोळा व्हायला हवा, बोटाने टोचला की फुटायला हवा. पाणी टपटपलं तर जास्त ओलं.

काय लावायचं, काय नाही

स्वयंपाकघरात रोज काय लागतं त्याची यादी आधी करा. माझ्याकडे पुदिना दोन कुंड्या, कोथिंबीर दोन क्रेट, मेथी एक क्रेट, कढीपत्ता एक, गवती चहा एक, तुळस दोन, पानओवा एक, आंबाडी एक बादली, कांद्या-लसणाच्या पातीचे दोन डबे आणि कोरफड एक. नवीन सुरुवात असेल तर चारच आणा: पुदिना, पानओवा, गवती चहा, तुळस. ही चार वर्षभर टिकली की मग पुढं.

कोथिंबीर. वाण्याकडचे अख्खे धणे चालतात. रंग लावलेलं बियाणं औषध चोळलेलं असतं, ते चुकूनही फोडणीत जाऊ देऊ नका. आधी दहा धणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सहा-सातांना तरी मोड आले तर माल चांगला. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलकं रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या, अर्धा इंच खोल पेरायच्या. उगवायला आठ ते बारा दिवस. चौथ्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणीला येते. एक क्रेट पेरल्यावर पंधरा दिवसांनी दुसरा पेरा, म्हणजे खंड पडत नाही. घटस्थापनेच्या सुमारास पेरलेली उत्तम येते, आणि दुसरी-तिसरी पेरणी भोगीच्या भाजीला आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत ऐन भरात असते. मार्चनंतर पेरू नका. माती तापली की उगवत नाही, उगवली तर वीतभर होऊन फुलावर जाते. उन्हाळ्यात मी मंडईतूनच आणते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

मेथी सोपी. चौथ्या दिवशी दिसते, पंचवीस-तीस दिवसांत धपाट्यात. उपटू नका, खालची दोन पानं ठेवून कात्रीने कापा, दुसरा फुटवा मिळतो.

पुदिना जुडीतूनच लावा. जाड, जांभळट देठ निवडून पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची आणि काचेच्या पेल्यात पाण्यात उभा करायचा. आठवडाभरात पांढरी मुळं दिसतात. रुंद, उथळ कुंडीत चार-पाच काड्या. दुसऱ्या कुणासोबत लावू नका, तो शेजाऱ्याला खातो.

कढीपत्त्याला घाई चालत नाही. रोप विकत आणा, पहिलं वर्षभर पानं तोडू नका, फूटभर झाला की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. पुढं पानं एकेक ओरबाडायची नाहीत, पूर्ण डहाळी कापायची. हिवाळ्यात तो पिवळा पडतो, पानं गाळतो, आणि आपण घाबरून पाणी वाढवतो. तिथंच तो मरतो. थंडीत पाणी कमी करा आणि फाल्गुनाची वाट बघा. माझा आता रंगाच्या बादलीत आहे, पाणी प्याल्यावर अठरा किलो भरतो. पंधराच्या नियमाला एवढी एकच सूट, तीही कडी आहे म्हणून.

आंबाडी मला शेजारच्या अक्कांनी दिली. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब, गोंगुराच्या, म्हणजे आंबाडीच्याच, चटणीशिवाय त्यांचं पान हलत नाही. मी तिला बारा इंची कुंडी शोधत होते तर म्हणाल्या, "अगं, तिला बादली दे आणि विसरून जा. कोथिंबिरीसारखे लाड करू नको तिचे." खरंच, उन्हात आमच्या गच्चीवर शेवटपर्यंत उभी राहते ती आंबाडी. जूनमध्ये पेरायची, महिना-सव्वा महिन्यात शेंडे खुडायला सुरुवात. शेंडा खुडला की बाजूने फुटते.

पानओव्याची काडी कुणाच्याही दारातून मिळते, खोचली की लागते. भजी करा. गवती चहाचा ठोंब दोन-तीन फुटव्यांसकट लावा, दर दोन वर्षांनी फोडून वाटा, नाहीतर तो कुंडी फोडतो. तुळशीची मंजिरी वेळेवर खुडली तर झाड दोन वर्षं हिरवं राहतं. आषाढीला खुडा, जिल्ह्यात पंढरपूर असताना मंजिरी कुठं न्यायची हे मी सांगायला नको.

विलायती प्रकारांत तुळशीची बहीण म्हणजे बेझिल, ती जमते. रोझमेरी, थाइम, पार्सली मी दोनदा आणली, दोन्हीदा चैत्रात गेली. थंडीचे चार महिने हौस म्हणून ठेवायची असतील तर ठेवा.

पाणी

आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा हिशोब आधीच मांडलेला बरा. आठ ते दहा इंची कुंडीला कडक उन्हाळ्यात दिवसाला अर्धा ते एक लिटर लागतं. माझ्या चौदा कुंड्यांना मिळून दिवसाला दहा-बारा लिटर, म्हणजे एक बादलीही नाही. पण नळ चार दिवसांनी आला तर पन्नास लिटर बाजूला हवं. एक झाकणाचं पिंप फक्त झाडांसाठी ठेवा, आणि त्यात बसेल तेवढ्याच कुंड्या वाढवा. बागेची मर्यादा जागेने ठरत नाही, पिंपाने ठरते.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बिनदिक्कत घाला. एसीतून गळणारं पाणी क्षार नसलेलं असतं, ते बोअरच्या पाण्यात मिसळलं तर फारच छान. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र घालू नका. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागं ठेवतो, आठ दिवसांचं ते पाणी जिभेला लावलं तरी कळेल. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच. बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो. महिन्यातून एकदा, शक्यतो नळ आला त्या दिवशी, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून क्षार तळातून धुऊन काढा.

तहान कशी ओळखायची? बोट घालून बघता येतं, पण आपल्या कुंड्या हलक्या आहेत, त्याचा फायदा घ्या. कुंडी एका हाताने जराशी उचला. पाणी घातल्यावरचं वजन आणि तहानलेली असतानाचं वजन आठवडाभरात हाताला कळायला लागतं. आमच्या घरात आता पाणी घालायच्या आधी कुंडी उचलायची सवय सगळ्यांना आहे, सासूबाई तर बसल्या बसल्या कललेल्या कुंडीवरून सांगतात.

गावाला जायचं असेल तर टॉवेलची वात. सोलापुरात जुना टॉवेल नाही असं घर सापडणार नाही. दोन बोटं रुंद आणि हात-दीड हात लांब पट्टी फाडा. कुंडी भरतानाच पट्टीचं अर्धं टोक मिश्रणात गोल गुंडाळून ठेवायचं, उरलेलं तळाच्या भोकातून बाहेर काढून खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडायचं. डब्याला झाकण हवं, झाकणाला वातीपुरतं भोक. कुंडी झाकणावर किंवा दोन विटांवर बसवा. पहिल्यांदा वरून पाणी घालून वात पूर्ण ओली करा, कोरडी वात पाणी ओढत नाही. मी पहिला प्रयोग कोऱ्या टॉवेलवर केला आणि पुदिना वाळवला. कोरा टॉवेल पाणी टिपत नाही हे अंग पुसताना माहीत असतं, कुंडीच्या वेळी विसरले. चार-पाच धुण्यांतून गेलेलाच घ्या. एप्रिलात आठ इंची पुदिन्याला दोन लिटर पाणी मला अडीच दिवस पुरलं. सुती वात पाच-सहा महिन्यांत कुजते, कुंडी बदलताना ती बदला.

ताटल्या आणि डबे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासा. डासांची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा असतो, तुमचा कोरडा दिवस त्याच्या आत यायला हवा.

वर्षभराची फिरती

होळी झाली की पहिलं स्थलांतर. सगळ्या कुंड्या गच्चीवरून पूर्वेच्या गॅलरीत, नाहीतर हिरव्या ५० टक्के शेडनेटखाली. सुट्या सुट्या ठेवू नका, दुपारच्या मेंढ्यांसारख्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या कुंडीवर पडते. बाहेरच्या रांगेत आंबाडी आणि कोरफड, आत पुदिना. स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी फळी. मातीवर दोन इंच आच्छादन: चिरलेला कडबा किंवा उसाचं पाचट, दोन्ही आपल्याकडे गाडीने मिळतं. पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पानं मलूल दिसली तरी धावू नका, संध्याकाळी सहाला परत बघा. उठून उभी राहिली असतील तर ते नुसतं उन्हाचं होतं. कूलरच्या झोतासमोर एकही कुंडी नको.

दोन चांगले पाऊस झाले की पुन्हा गच्चीवर. एकदम नाही, आधी चार दिवस दोन-दोन तास. उन्हाळाभर सावलीत राहिलेलं पान एका दिवसात करपतं.

जून-जुलैत आपल्याकडे आभाळ येतं आणि जातं, खंड मोठे पडतात, त्या दिवसांत पाणी घालायचं विसरू नका. आपला खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा ताटल्या काढा, वाती काढा, कुंड्या विटांवर चढवा, आणि झड लागली तर पानओवा, कोरफड, तुळस छपराखाली न्या. पुदिना मजेत भिजत राहतो.

दसऱ्यानंतर कोथिंबीर आणि मेथीचे क्रेट गच्चीच्या मध्याकडे, कठड्यापासून तीन फूट आत. हे महिने बागेचे, फक्त खुडायचं काम. पारव्यांचा त्रास असेल तर पेरलेल्या क्रेटवर जुनी जाळी टाका, नाहीतर मोड आलेले धणे सकाळपर्यंत संपलेले असतात.

खत आणि किडी

महिन्याला कुंडीमागे एक मूठ गांडूळखत पुरतं. पानं फिकी पडली तर शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून, त्या पाण्यात दहापट पाणी मिसळून द्या. वास भयंकर येतो. शेजाऱ्यांना आधी सांगा, किंवा त्यांनाही थोडी पेंड द्या.

कढीपत्त्यावर चिमणीच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला आणि तो हलला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. हाताने उचलून दूर सोडा, औषधाची गरज नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोराने धुवा. त्यावरही राहिले तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, चांगलं ढवळून संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर ती पानं ताटात नकोत, आणि नंतरही धुऊनच. एखादी कुंडी फारच लागली असेल तर ती उचलून दुसऱ्या टोकाला न्या. जड कुंडीला हा इलाज नसतो.

घर बदलताना

दोन दिवस आधी पाणी बंद, म्हणजे प्रत्येक कुंडी एक-दोन किलोने हलकी होते. पुदिना, तुळस, गवती चहा अर्ध्यावर छाटा. कापलेला पुदिना सावलीत वाळवून डब्यात भरला की वाया जात नाही. लहान कुंड्या रिकाम्या क्रेटमध्ये उभ्या करून मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. टेम्पो शक्यतो पहाटे किंवा रात्री. उघड्या टेम्पोत वाऱ्याने पानं फाटतात, वरून जुनी चादर ओली करून टाका आणि दोरीने बांधा. नव्या जागी पोचल्यावर लगेच उन्हात नको, चार दिवस सावलीत, पाणी मात्र पोचल्या पोचल्या. आणि पुन्हा एकदा खडू घेऊन उन्हाच्या रेघा मारा, नव्या घराच्या दिशा जुन्यासारख्या नसतात.

भवानी पेठेनंतरच्या घरबदलात बाकी सगळ्या टेम्पोत बसल्या, नव्या गवती चहाची कुंडी माझ्या पायाशी रिक्षात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहात टाकायला दोन पाती कापली. दोनच. मूळ धरेपर्यंत त्याहून जास्त नाही.